कारभाराच्या कायापालटाचे शास्त्र

टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या कापड-गिरण्यांना वीज मिळू लागली, त्या वेळी घाटमाथ्यावरील वळवण, शिरवते व लोणावळा येथील तलावांत साठविलेले पावसाळ्याचे पाणी पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरवून त्याच्या जोरावर जनित्रे फिरविण्याचा तो उद्योग एक असामान्य पराक्रम गणला गेला. आणि पुढे सातच वर्षांनी, १९२२ साली, शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिल्यावर तर त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याचा हा डोंगरपायथ्याचा मुलूख मुंबईच्या कारखानदारीचा मोठाच आधार ठरला. परंतु नवी शक्ती दाराशी आली म्हणजे जुना कारभार आपोआप नवा होतो असे मात्र नाही. खोपोली, खालापूर आणि कर्जत या टापूत आज जी तरुण मंडळी 'डिजिटल परिवर्तनाचे व्यवस्थापन' या काहीशा भारदस्त नावाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करताना आढळतात, त्यांनी त्या अभ्यासाचे मर्म समजून घ्यावयाचे तर प्रारंभ विजेच्या इतिहासापासूनच करणे श्रेयस्कर होईल.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असा प्रश्न उपस्थित केला की, एडिसनने न्यूयॉर्क शहरात १८८२ सालीच वीजपुरवठा सुरू केला असताना अमेरिकेतील कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे ठळक वाढ दिसून येण्यास १९२० नंतरचे दशक का उजाडावे लागले? त्यांना सापडलेले उत्तर असे की, कारखानदारांनी प्रथम वाफेचे अवाढव्य एंजिन काढून त्याच्या जागी तेवढीच मोठी विजेची मोटर बसविली, आणि छताखालून जाणारा लांबलचक दांडा, त्यावरून उतरणारे चामड्याचे पट्टे, त्या पट्ट्यांच्या सोयीने मांडलेली यंत्रे व मजल्यावर मजला चढविलेली इमारत हे सारे पूर्ववत ठेवले. पुढे जेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर जोडून, इमारत एकमजली करून, मालाचा प्रवास ज्या क्रमाने व्हावा त्या क्रमाने यंत्रे मांडण्याचा विचार कोणी केला, आणि कामगारांच्या पाळ्या, मुकादमाचे अधिकार व भांडवलाचा हिशेब त्याला अनुसरून नव्याने बसविला, तेव्हा कोठे विजेचे खरे सामर्थ्य पदरात पडले. संगणकाचेही असेच होत आहे, असे डेव्हिड यांचे प्रतिपादन होते. आणि ज्या अभ्यासक्रमाविषयी आपण बोलत आहोत तो, थोडक्यात सांगावयाचे तर, यंत्र बसविल्यानंतर उरणाऱ्या या दुसऱ्या व अधिक अवघड कामाचा अभ्यास होय.

हे शिक्षण निरनिराळ्या नावांनी दिले जाते. कोठे ते एमबीए या पदवीतील एक विशेष शाखा म्हणून असते, कोठे पीजीडीएम या पदविकेच्या स्वरूपात, तर ब्रिटन व युरोपातील कित्येक विद्यापीठांत त्याला एम.एस्सी.चा दर्जा असतो. आपल्याकडे साधारणपणे दोन वर्षांचा, चार सत्रांचा हा अभ्यासक्रम असून कोणत्याही विद्याशाखेचा पदवीधर त्यास पात्र ठरतो. महाराष्ट्रात एमबीएच्या केंद्रीभूत प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते, आणि पदवीला किमान ५० टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गाच्या उमेदवाराला ४५ टक्के गुण असावे लागतात. खासगी विद्यापीठे व पीजीडीएम चालविणाऱ्या संस्था यांच्या प्रवेशाची रीत वेगळी असते. नोकरी न सोडता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग, तसेच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे चालणारे ऑनलाइन अभ्यासक्रमही आता उपलब्ध आहेत.

या शिक्षणासाठी पूर्वी कर्जतच्या मुलाला लोकल गाडीने मुंबई गाठावी लागे, आणि आजही पुष्कळांना ती गाठावीच लागते. तथापि हा टापू स्वतःच आता विद्येचे एक ठाणे होऊ पाहत आहे. कर्जत तालुक्यात गौरकामथच्या परिसरात असलेल्या युनिव्हर्सल बिझनेस स्कूल या व्यवस्थापन-शिक्षणाच्या निवासी संस्थेतून २०२३ साली युनिव्हर्सल एआय विद्यापीठ आकारास आले. कर्जतलाच कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आणि खालापूर तालुक्यात कुंभिवली येथे विश्वनिकेतन ही संस्था अभियांत्रिकीचे शिक्षण देते. दुसऱ्या बाजूस खोपोलीचे पोलाद-कारखाने आणि पाताळगंगेच्या काठचे रसायनांचे व औषधांचे कारखाने आहेत, ज्यांत पाळीवर काम करणाऱ्या अभियंत्याला मालाचा साठा, यंत्राची दुरुस्ती व ग्राहकाची मागणी एकाच संगणक-प्रणालीत नोंदवावी लागते; आणि ती प्रणाली येऊन वर्षे लोटली तरी फोरमनच्या खिशातली वही का सुटत नाही, हा प्रश्न त्याला रोज भेडसावतो. अशा माणसाला या पदवीचा उपयोग काय, हे ठरवावयाचे तर तीत प्रत्यक्ष काय शिकवितात ते पाहिले पाहिजे.

अभ्यासाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला यंत्राचा : माहितीचा साठा कसा रचतात, ती भाड्याच्या दूरस्थ संगणकावर, म्हणजे क्लाउडवर, ठेवण्याचे लाभ-तोटे कोणते, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोणते काम घ्यावे व कोणते घेऊ नये, सायबर सुरक्षा कशी राखावी, इत्यादी. यात विद्यार्थ्याने उत्तम प्रोग्रामर व्हावे अशी अपेक्षा नसते. प्रोग्रामर काय सांगतो आहे आणि काय सांगावयाचे टाळतो आहे हे त्याला कळावे, एवढी मात्र असते. दुसरा भाग कामाचा : एखादे प्रकरण अर्ज येण्यापासून निकाली निघेपर्यंत कोणाकोणाच्या मेजावरून जाते, कोठे किती दिवस पडून राहते, एकच मजकूर किती वेळा पुन्हा लिहिला जातो, याचा नकाशा काढून तो निर्दयपणे तपासणे. आणि तिसरा भाग माणसांचा, पैशाचा व कायद्याचा : बदलाला विरोध का होतो, खर्च कोणी सोसावयाचा व लाभ कोणाच्या पदरी पडतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यासारखे निर्बंध लोकांची माहिती वापरण्यावर कोणती बंधने घालतात. शेवटच्या सत्रात एखाद्या खऱ्याखुऱ्या संस्थेत राहून प्रकल्प करावा लागतो, आणि जाणकारांच्या मते पदवीची खरी किंमत या प्रकल्पावरच ठरते.

दुसऱ्या भागात हमखास शिकविले जाणारे एक उदाहरण फोर्ड मोटर कंपनीचे आहे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकेल हॅमर यांनी १९९० साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात ते येते. १९८० नंतरच्या काळात या कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील देयक-विभागात, म्हणजे पुरवठादारांची बिले चुकती करणाऱ्या खात्यात, पाचशेहून अधिक माणसे होती. संगणक आणून त्यांतील शे-सव्वाशे कमी करावीत असा विचार चालला असताना कंपनीच्या ध्यानात आले की, माझदा या जपानी कंपनीत हेच काम अवघी पाच माणसे करतात. माझदा आकाराने लहान होती हे खरे. परंतु तेवढ्याने हा फरक उलगडत नव्हता. शोध घेता असे दिसले की, फोर्डच्या कारकुनांचा बहुतेक वेळ खरेदीचा हुकूम, गोदामातील पावती आणि पुरवठादाराचे बिल या तीन कागदांतील विसंगती निस्तरण्यात जात होता. तेव्हा कंपनीने बिल हा कागदच काढून टाकला; माल आला, तो संगणकातील हुकुमाशी जुळला, की पैसे परस्पर निघावेत अशी व्यवस्था केली, आणि त्या विभागातील मनुष्यबळ तीन-चतुर्थांशाने घटले. जे काम करण्याची मुळात गरजच नाही ते अधिक वेगाने करण्यात शहाणपण नाही, हा या उदाहरणाचा इत्यर्थ.

परंतु या शास्त्राचा अधिक मार्मिक धडा शिकावयाचा तर अमेरिकेपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. कर्जतच्या तहसील कचेरीपर्यंत गेले तरी पुरे. मुंबईकरांच्या फार्महाउसांमुळे आणि दुसऱ्या घरांच्या हौसेमुळे या तालुक्यात जमिनीचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात, आणि प्रत्येक व्यवहारामागे फेरफाराची नोंद येते. पूर्वी खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले गेले तरी महसूल दफ्तराला त्याची वार्ता यथावकाशच लागे, आणि खरेदीदाराला सूची क्रमांक दोनची नक्कल घेऊन तलाठ्याच्या सजाला खेटे घालावे लागत. ई-फेरफार प्रणालीत दस्त नोंदला जाताच त्याची माहिती परस्पर तहसिलीत व तेथून तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाते. तो गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो. संबंधितांना गाव नमुना नऊची नोटीस निघते. पंधरा दिवसांत कोणाची हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबारा बदलतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यावर तर नकलेसाठी सजाला जाण्याचेही कारण उरले नाही.

या साखळीचा नकाशा काढण्यास एखाद्या विद्यार्थ्याला सांगितले, तर दस्तनोंदणीपासून तलाठ्यापर्यंतचा प्रवास काही क्षणांवर आला म्हणून तो आनंदेल, आणि लगेच त्याची दृष्टी त्या पंधरा दिवसांवर जाईल. सारे काही निमिषार्धात होत असता हे पंधरा दिवस कशासाठी? यंत्राच्या हिशेबाने पाहता ते निव्वळ वाया जाणारे आहेत. कायद्याच्या हिशेबाने मात्र ते त्या बहिणीचे आहेत जिचे नाव वारसांतून गळले आहे. त्या चुलत्याचे आहेत ज्याच्या हिश्शाची जमीन पुतण्याने परस्पर विकली आहे. आणि या तालुक्यांतील ठाकूर व कातकरी कुटुंबांचे आहेत, ज्यांच्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे होऊ नयेत असा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा दंडक आहे. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते, सुनावणी होते, कैफियत ऐकून घेतली जाते, आणि त्याला वेळ लागतो, लागावाच. खेट्यांत जाणारा वेळ आणि हरकतीसाठी ठेवलेला वेळ हे दोन्ही पंचांगात सारखेच दिसतात. परंतु पहिला विलंब म्हणजे अव्यवस्था आणि दुसरा म्हणजे न्याय. डिजिटल परिवर्तनाचे व्यवस्थापन या विषयाचे सार कोणी एका वाक्यात विचारलेच, तर या दोन विलंबांतील भेद ओळखण्याची विवेकबुद्धी, असे सांगता येईल.

याच विवेकाचे दुसरे अंग खालापूरच्या टोलनाक्यावर दृष्टीस पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील या नाक्यावर एके काळी रोख रक्कम, सुटे पैसे आणि कागदी पावत्या यांपायी गाड्यांच्या रांगा लागत. आता गाडीच्या काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगमधील सांकेतिक क्रमांक मार्गिकेवरील अँटेना वाचते, तो क्रमांक कोणत्या बँकेच्या खात्याशी जोडलेला आहे हे मध्यवर्ती यंत्रणा सांगते, पथकराची रक्कम त्या खात्यातून वळती होते आणि आडवा दांडा वर उचलला जातो. एवढे होऊनही सुटीच्या दिवसांत पुण्याला जाणारा माणूस वेळेवर पोहोचतोच असे नाही. कारण नाक्यावर वाचलेली मिनिटे पुढे खंडाळ्याच्या घाटात, जेथे अवजड वाहने आणि मोटारी एकाच चढणीवर गर्दी करतात, तेथे सव्याज खर्ची पडतात. संपूर्ण व्यवस्थेचा वेग तिच्यातील सर्वांत अरुंद जागा ठरविते, हा सिद्धान्त या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात शिकवितात. खोपोली ते कुसगाव हा 'मिसिंग लिंक' म्हणून ओळखला जाणारा नवा रस्ता हाती घ्यावा लागला तो त्यामुळेच. तेथे सॉफ्टवेअरचा इलाज चालण्यासारखा नव्हता, बोगदे आणि पूलच हवे होते. ज्या अडचणीवर संगणक हा उपाय नाही ती अडचण ओळखून तसे स्पष्टपणे सांगणे, हेही या विद्येच्या पदवीधराचे कर्तव्य ठरते, आणि कित्येकदा तेच त्याच्या मालकाला सर्वांत अप्रिय वाटते.

तिसरी गोष्ट श्रमाच्या विभागणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि जी पीकपाहणी तलाठी करीत असे ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेऊन नोंदवावी असे ठरले. नोंद अधिक खरी व्हावी हा हेतू स्तुत्यच होता. परंतु घाटपायथ्याच्या वाड्यांत, जेथे मोबाइलला रेंज मिळविण्यासाठी टेकडीवर चढावे लागते आणि भाताची खाचरे लहान-लहान तुकड्यांत विखुरलेली असतात, तेथे कचेरीचे काम कमी झाले आणि खातेदाराचे वाढले. पुढे या कामाला गावपातळीवर सहाय्यक देण्यात आले, ते या अनुभवातूनच. कोणत्याही परिवर्तनात काम नाहीसे होते की केवळ एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याचा ताळेबंद पुरा होत नाही.

शिधावाटपाच्या यंत्राचेही असेच. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेमुळे परगावीही धान्य उचलता येते, ही सोय कागदी शिधापत्रिकेने कधीच दिली नसती. आणि त्याच वेळी विटा उचलून झिजलेल्या बोटांचा ठसा ई-पॉस यंत्राने न ओळखल्यास त्याच कुटुंबाला रित्या हाताने परतण्याची पाळी येऊ शकते. एकच यंत्र एकाच माणसाला सोयीचे आणि गैरसोयीचे असू शकते. ठसा न जुळल्यास दुकानदाराने काय करावे याचा पर्यायी मार्ग आधीच आखून, तो लेखी ठेवून, दुकानदारापर्यंत पोहोचविणे हे जे किरकोळ भासणारे काम, ते ज्याला महत्त्वाचे वाटते तो या विषयाचा खरा विद्यार्थी.

आता उपजीविकेचा विचार. या पदवीनंतर मिळणाऱ्या नोकऱ्यांची नावे, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट, प्रॉडक्ट मॅनेजर, ट्रान्सफॉर्मेशन कन्सल्टंट ही, शहरी आणि आकर्षक असली, तरी कामाची वाण ग्रामीण भागातही नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. ज्या गावच्या सेवा सोसायटीत सचिवाच्या खतावणीवरच सारा कारभार चालत आला, तेथे संगणक पोहोचविणे हा खरेदीचा भाग झाला. थकबाकीचे जुने आकडे जुळविणे, सचिवाला विश्वासात घेणे, आणि सभासदाला आपल्या कर्जखात्याचा उतारा वाचता येईल असा करणे हा व्यवस्थापनाचा. रुग्णालये, नगरपरिषदा, सहकारी बँका, लहान कारखाने या सर्वांना अशा माणसांची गरज पडणार आहे, आणि ज्याला तालुक्याची भाषा व रीतभात अवगत आहे तो तेथे परक्या सल्लागाराहून अधिक उपयोगी पडेल, यात शंका नाही.

मात्र या विषयाचा जो बोलबाला झाला आहे त्यामुळे जुन्याच अभ्यासक्रमाला नवे नाव देऊन भरमसाट शुल्क आकारण्याचा मोह संस्थांना होणे स्वाभाविक आहे. म्हणून पालकांनी व विद्यार्थ्यांनी पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय, अथवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत ते विद्यापीठ आहे काय, याची स्वतः खातरजमा करावी. केंद्रीभूत प्रवेशातून जागा मिळाल्यास राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या सवलतींना आपण पात्र ठरतो काय ते पाहावे. आणि शक्य असल्यास पदवीनंतर दोन-तीन वर्षे एखाद्या कचेरीत वा कारखान्यात काम करून मगच या शिक्षणाकडे वळावे. ज्याने कामाचा गुंता स्वतः कधी अनुभवला नाही त्याला तो सोडविण्याच्या युक्त्या पाठ होतात, पण लागू करता येत नाहीत.

आणि प्रवेशाच्या वेळी संस्थेला एक प्रश्न अवश्य विचारावा : गेल्या वर्षी तुमच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या संस्थेत प्रकल्प केला, आणि त्यांनी सुचविलेल्या बदलानंतर तेथे येणाऱ्या माणसाच्या खेपा किती कमी झाल्या? या प्रश्नाला जेथे इमारतींची, संगणकांची आणि परदेशी करारांची यादी उत्तरादाखल मिळते, तेथे अजून मोटर तेवढी बदललेली आहे, असे खुशाल समजावे. आणि जेथे एखादा शिक्षक कागद ओढून एखाद्या अर्जाचा प्रवास रेखाटू लागतो, कोणता टप्पा गाळला व कोणता मुद्दाम ठेवला हे कारणांसह सांगू लागतो, तेथे शुल्क भरण्यास हरकत नाही.